टोमॅटो, मेथी आणि क्रोशाचा रुमाल

डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे तीन तास. आठवड्यातले तीन दिवस घरून काम मिळालं तेव्हा वाटलं, हे तास आता आपले. कसले आपले! लॅपटॉपने गिळले. रात्री साडेदहाला भांडी ओट्यावर तशीच आणि मी एक्सेलमध्ये आकडे जुळवत बसलेली.

मग पोमोदोरो पद्धत करून पाहिली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियनाने 1980च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून ती सुरू केली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच! माझी पाच मिनिटं मोबाईलमध्ये जायची, त्यांची पंधरा कधी व्हायची कळायचंच नाही. आता फोन फ्रीजवर, पिठाच्या डब्यामागे. ब्रेकमध्ये मेथी निवडते. एका जुडीला तीन ब्रेक लागतात, मोजलंय.

सात वाजले की सासूबाई लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल टाकतात. "दुकान बंद हं!" परवा वीस तारीख, जीएसटी रिटर्न भरायचं होतं. मी रुमाल उचलून पुन्हा बसले. त्या काहीच बोलल्या नाहीत. उरलेली मेथी मात्र निवडून ठेवली होती.