तुम्ही विचारलंत म्हणून: अंजदीवला जाता येतंय काय?

बेळगावातनं कारवारला फिरायला गेलेलं कुणीही असो, परत आल्यावर मला हमखास विचारतंय. बिणग्याच्या बाजूला समुद्रात ते लांबट बेट दिसतंय, त्याच्यावर किल्ला आहे म्हणे, तिथं जाता येतंय काय हो? आणि लगेच दुसरा प्रश्न, किल्ला महाराजांचा काय? मला किल्ल्यांचं वेड आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं व्हॉट्सअपवर फोटो टाकून विचारणारेही आहेत. दरवेळी तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय.

जाता येत नाही. बेट नेव्हीच्या ताब्यात आहे, आयएनएस कदंब तळाच्या हद्दीत. नेव्हीच्या तळासाठीच्या सीबर्ड प्रकल्पात समुद्रात दगड टाकून लाटा अडवणारा जो बांध (ब्रेकवॉटर) घातला त्यानं ते जमिनीला जोडलंय सुद्धा, म्हणजे तसं बघायला गेलं तर ते आता पुरतं बेटही राहिलेलं नाही, पण त्या बांधावरनं तुम्हाआम्हाला कोण सोडणार? आणि अजून एक, समोर कारवार असलं तरी हे बेट कर्नाटकाचं नाहीच, कागदोपत्री ते गोव्याचं, काणकोण तालुक्यातलं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हद्दीचं वेगळं काय सांगायचं! ‘बेळगाव-कारवार-निपाणी’ ओरडत मोठे झालो आपण, पण कारवारच्या समोरचं हे बेट त्या घोषणेत कधीच नव्हतं, कारण घोषणा झाली तेव्हा तिथं पोर्तुगीज बसले होते.

आता खरं सांगायचं ते इथनं पुढं. गोवा मुक्तीचं बोलणं निघालं की आपल्याकडं सगळे एका सुरात सांगतात, छत्तीस तासात गोवा घेतला, पोर्तुगीज पळाले, काही झालंच नाही. आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे म्हणा, कारण सगळं आपल्या दारातनं गेलं. डिसेंबर १९६१ मध्ये जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडिअर सगत सिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड बेळगावलाच जमली होती. १८ डिसेंबरला सकाळी बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं हंटर विमानं उडाली आणि गोव्यातलं बांबोळीचं रेडिओ स्टेशन उडवून आली. एक तुकडी अनमोड घाटातनं गोव्यात मोल्याला उतरली. त्या वेळी शाळेत असलेली माणसं अजून सांगतात, रस्त्यावर लष्करी गाड्यांची रांग संपतच नव्हती, लोक फाटकात उभं राहून बघायचे, मग दोन दिवसात बातमी आली की झालं. एवढीच गोष्ट आपल्याकडं उरली. रस्त्यानं गेलेली लढाई आपण पाहिली, समुद्रावरची पाहिलीच नाही.

समुद्रावर काय झालं ते ऐका. मुळात ठिणगी पडायला अंजदीवचाही हात होता. २४ नोव्हेंबर १९६१ ला साबरमती नावाची प्रवासी बोट कारवारजवळून जात असताना बेटावरच्या पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्यात एक प्रवासी गेला आणि बोटीचा चीफ इंजिनिअर जखमी झाला, त्याच सुमारास एका मच्छिमारालाही मारलं. कारवारात किती संताप झाला असेल विचार करा, मासे धरायला गेलेला माणूस आणि समोरच्या बेटावरनं गोळी.

मग १८ डिसेंबरला सकाळी दोन युद्धनौका बेटासमोर आल्या, त्रिशूल ही फ्रिगेट आणि म्हैसूर ही क्रूझर. (तेव्हा आपल्या राज्याचं नावही म्हैसूरच होतं, म्हणजे म्हैसूर राज्याच्या किनाऱ्यासमोर म्हैसूर नावाचं जहाज, आणि ते जहाजही मूळचं इंग्रजांचं, एचएमएस नायजेरिया, १९५७ ला आपल्या नेव्हीत दाखल झालेलं.) उतरवलं कुणाला, तर जहाजावरच्याच नौसैनिकांना. ही पायदळाची माणसं नव्हती हो. जहाज चालवणारी, तोफा सांभाळणारी पोरं, त्यांच्या हातात बंदुका देऊन लहान बोटीतनं किनाऱ्याकडं पाठवलं. लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांच्या नेतृत्वाखालची पहिली तुकडी सव्वासातच्या सुमाराला फारसा त्रास न होता उतरली. आपल्या बाजूचे सांगतात की बेटावर पांढरं निशाण दिसत होतं. पण नोएल केलमन यांची दुसरी तुकडी किनाऱ्याला येते न येते तोच मशीनगन सुरू झाल्या. उघड्या बोटीत बसलेली माणसं, आडोसा कसला? केलमन स्वतः जखमी झाले. मग जहाजांवरनं तोफा डागल्या, आणि तरीही पूर्ण बेट हातात यायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

सात नौसैनिक गेले, एकोणीस जखमी झाले. सगळ्या गोव्याच्या मोहिमेत, दीव-दमण धरून, भारताची माणसं गेली बावीस. त्यातली सात या दीड चौरस किलोमीटरच्या बेटावर! म्हणून कुणी माझ्यासमोर ‘काही झालंच नाही’ म्हणालं की मला राहवत नाही, मी हा हिशोब मांडतोच, मग समोरचा चहा पिता पिता थांबतो.

तिकडं लिस्बनला बसून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं हुकूम दिला होता शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून. गोव्यात गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वानं तो मानला नाही, १९ ला रात्री शरण आला, बरं केलं, हजारो वाचले. अंजदीववरचे काही मात्र शरण आलेल्यांतलेही नव्हते. तिघं खडकात लपून बसले, एकानं तर पकडायला आलेल्यांवर हातबॉम्ब टाकले, आणि शेवटचा शिपाई पोहत आपल्या किनाऱ्याला आला तो २२ डिसेंबरला सापडला. गोव्यात तीन दिवसांपूर्वीच तिरंगा लागलेला आणि हा अजून समुद्रात.

आता किल्ला. नाही, महाराजांचा नाही, पण महाराजांमुळं झाला म्हटलं तर चालेल. संभाजी महाराजांना अंजदीव घेऊन तिथं किल्ला बांधायचा होता. पोर्तुगीजांना कुणकुण लागली, गोव्याच्या खाली मराठ्यांचा एवढा पक्का आरमारी ठाणा झाला तर आपलं कठीण, म्हणून १६८२ साली त्यांनी घाईनं बेट धरलं आणि स्वतःच बांधायला घेतलं. आज जे बुरूज-तटाचे अवशेष आहेत ते त्या वेळेपासूनचे. पुढच्याच वर्षी महाराजांनी थेट गोव्याला धडक दिली, गोव्यातलं जुवे बेट घेतलं, तो भाग सगळ्यांना पाठ आहे. अंजदीवचं मात्र कुणी बोलत नाही.

तसं त्याच बेटावर आधी एक किल्ला होऊन मोडला होता. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय अल्मेदा १५०५ ला हिंदुस्थानात आला तो सरळ इथंच उतरला, किल्ला उभा केला, आणि दोनेक वर्षात पोर्तुगीजांनी आपल्याच हातानं पाडून टाकला. त्याच्याही आधी १४९८ ला परतीच्या वाटेवर वास्को द गामानं इथंच जहाजं किनाऱ्याला ओढून दुरुस्त केली होती. कारण साधं आहे, बेटावर गोड्या पाण्याचे झरे आणि पश्चिमेच्या लाटांपासून आडोसा. आजच्या नेव्हीला तळ बांधायला हीच खाडी का आवडली हे वेगळं सांगायला नको.

पण या बेटावर सगळ्यात वाईट मरण आलं ते इंग्रजांना, तेही एक गोळी न झाडता. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली हे शाळेत शिकलोय आपण. पुढचं शिकवत नाहीत. १६६२ ला सर अब्राहम शिपमन चारेकशे माणसं घेऊन मुंबई ताब्यात घ्यायला आला तर पोर्तुगीज म्हणाले देत नाही, कागद बरोबर नाहीत. (सरकारी ऑफिसात खेपा घातलेल्या माणसाला हे लगेच कळेल.) जायचं कुठं? हे लोक शेवटी अंजदीवला येऊन पडले. दोन वर्षांच्या वर तिथंच. पावसाळा, ताप, हगवण, धड निवारा नाही. १६६४ ला शिपमन स्वतः तिथंच मेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक मुंबई घ्यायला गेला तेव्हा शिपायांतले शंभराच्या आसपास उरले होते. म्हणजे मुंबई फुकटात मिळाली म्हणतात त्या आंदणाची किंमत इथं कारवारसमोर मोजली गेली. त्या लोकांच्या कबरी कुठं आहेत, कुणी शोधल्यात का, हे बघायला तरी एखाद्या अभ्यासकाला नेव्हीनं आत सोडायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथं चर्चही आहे, ब्रोतस सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं. पूर्वी २ फेब्रुवारीच्या फेस्ताला (सणाला) गोव्यातनं आणि कारवारातनं होड्या भरून लोक यायचे, ते तळ झाल्यावर बंद पडलं. सुरक्षा समजू शकतो, शेजारी विमानवाहू जहाज उभं असतंय. तरी वर्षातनं एक दिवस, ओळखपत्र बघून, मोबाईल काढून घेऊन सोडायला काय हरकत आहे? पूर्वी येणाऱ्यांची नातवंडं अजून मागतायत.

मग बघायचं कसं, तर जोयडा-अणशी घाटानं कारवारला उतरा, हायवेनं बिणग्याकडं जाताना घाटात बेट समोर येतंय, दुर्बीण असली तर घेऊन जा. टागोर बीचवर चपळ ही जुनी मिसाईल बोट ठेवलीय, पोरं बरोबर असतील तर ती दाखवा. सात जणांचं स्मारक हवं असेल तर ते गोव्यात आयएनएस गोमंतकवर आहे. आणि हायवेवर नेव्हीच्या हद्दीशेजारी गाडी लावून मोठ्या लेन्सनं फोटो काढत बसू नका, गार्ड येतात, कॅमेरा बघायला मागतात, आणि तुम्ही कितीही इतिहास सांगितलात तरी त्यांना त्यात रस नसतोय.