आठ माणसं, एकच गळा

पुतण्याने फोन परत दिला तेव्हा ड्रीम थिएटर या अमेरिकन मेटल बँडचा अल्बम ‘द अ‍ॅस्टॉनिशिंग’ नवव्या गाण्यावर थांबलेला होता. “काकाजी, हे सुरूच नाई होत जी.” बस, एवढंच बोलला आणि बांध्यांकडे निघून गेला. आवडलं नाही म्हणाला असता तर चाललं असतं. २०१६ मध्ये हा अल्बम आला तेव्हापासून या बँडचे जुने चाहतेही त्यावरून दोन्ही बाजूंनी भांडत आले आहेत. पण सुरूच होत नाही?

लांबीचं कारण मला पटत नाही. हाच पोरगा शंकरपटाच्या रात्री वडस्याच्या कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत बघतो. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हाच हंगाम असतो. नटनट्या स्वतः गातात, खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजत असतात आणि थंडीत कोणी उठत नाही. त्यापुढे हा अल्बम सव्वादोन तासांच्याही आतला. पहिल्या अंकात २० तुकडे, दुसऱ्यात १४. नाटकच आहे हे. मग तो तिथे रात्रभर बसतो आणि इथे नवव्या गाण्यावर का उठतो?

गोष्ट साधी आहे. साल २२८५. माणसांनी गाणं-वाजवणं सोडलंय, नोमॅक नावाची उडती यंत्रं आवाज काढतात आणि तेच संगीत म्हणून चालतं. रेव्हनस्किल गावात गॅब्रिएल नावाचा एक तरुण अजून गातो. सम्राट नफारियस त्याला बघायला येतो आणि सम्राटाची मुलगी फेथ त्याच्या प्रेमात पडते. गॅब्रिएलचा भाऊ आर्हिस बंडखोरांचा म्होरक्या. सम्राटाचा मुलगा डॅरियस आर्हिसलाच फितवतो: भाऊ आमच्या हवाली कर, तुझ्या पोराचं भलं करतो. राजा, राजकन्या, फितुरी, भावाभावांतली ओढ. यातलं आमच्या मंडपाला परकं काय आहे?

परकं आहे ते एकच, आणि आज दिवसभर मी त्याच्याभोवतीच घुटमळतोय. आठ पात्रं आहेत आणि आठही बँडचा गायक जेम्स लाब्री एकटा गातो. सम्राटासाठी आवाज खाली नेऊन घोगरा करतो, फेथसाठी मऊ करून वर नेतो. गॅब्रिएल आणि आर्हिस मात्र भाऊ असल्यासारखेच एका पट्टीत राहतात, आणि अख्खी गोष्ट या दोघांवर उभी आहे! ‘द पाथ दॅट डिव्हाइड्स’मध्ये आर्हिस ऐनवेळी फितुरी नाकारतो, डॅरियसशी भिडतो आणि मरतो. अल्बममधला सगळ्यात नाट्यमय प्रसंग हाच. हातात शब्दांचा कागद नसेल तर कोण कोणाशी बोलतंय हेच कळत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक पाय टाकतो तेव्हाच मांडवाला कळतं की हा कोण.

कोणी म्हणेल, कीर्तनकारही एकटाच सगळी पात्रं करतो की. करतो. पण तो थांबतो, वळतो, ‘तेव्हा राजा काय म्हणाला’ असं सांगतो, आणि त्याचा चेहरा समोर असतो. रेकॉर्डिंगला चेहरा नाही. म्हणजे पोरगा कंटाळला नसेल, तो हरवला असेल. हे लक्षात आल्यावर जरा बरं वाटलं. दादा असता तर त्यानं शेजारी बसून ऐकवलं असतं... जाऊ दे.

जुन्या चाहत्यांची तक्रार वेगळी आहे. या बँडकडून त्यांना लांब गाणं हवं असतं: ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ २३ मिनिटांचं, ‘ऑक्टाव्हेरियम’ २४ मिनिटांचं. इथे एकही गाणं आठ मिनिटांपर्यंत जात नाही. लांबी गाण्यातून काढून अख्ख्या अल्बमला दिली. कथा गिटारवादक जॉन पेट्रुचीची, संगीत त्यानं आणि कीबोर्डवादक जॉर्डन रुडेसनं मिळून केलं, ऑर्केस्ट्राची मांडणी डेव्हिड कॅम्पबेलची. त्यामुळे पियानो आणि तंतुवाद्यं पुढे आली आणि माइक मँजिनीसारखा ढोलिया बराच वेळ साथीला बसला. मेटल ऐकायला आलेल्याला हे खटकणारच. पण प्रत्येक प्रसंगात ढोल गरजला असता तर गाणारा ऐकूच आला नसता. मँजिनीचा संयम मला यातली मोठी गोष्ट वाटते. आणि जिथे मोकळं सोडायचं तिथे सोडलंयच. ‘अ न्यू बिगिनिंग’च्या शेवटी पेट्रुचीची गिटार सुटते ती ऐकावी. ‘थ्री डेज’मध्ये सम्राटाची धमकी जत्रेतल्या बाजासारख्या चालीवर संपते, ‘द एक्स अ‍ॅस्पेक्ट’च्या शेवटी चक्क बॅगपाइप येतो.

सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या नोमॅकच्या तुकड्यांनी. पाच आहेत, पाचही मिळून पाचेक मिनिटांचे, नुसती घरघर, करकर. लोक ते उडवतात. पण ते कुठे ठेवलेत बघा: १, ११, १७, २६, ३३. प्रवेश बदलताना पडणारा पडदा आहे तो. तो उडवला की प्रवेश एकमेकांत घुसतात आणि मग सगळी गाणी सारखीच वाटायला लागतात.

तर त्याला परत द्यायचा तो असा. आधी वहीच्या पानावर आठ नावं, पुढे कोण कोणाचं. नाती नीट लिहायची: एव्हँजेलीन ही आर्हिसची वारलेली बायको, झँडर त्याचा मुलगा, अ‍ॅराबेल ही सम्राज्ञी. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं. गाणी आधीच डाउनलोड करून ठेवायची, कारण संध्याकाळी टॉवरची रेंज पडली की अ‍ॅप आवाजाचा दर्जा खाली आणतं आणि पहिला बळी तंतुवाद्यांचा जातो. फोनच्या स्पीकरवर चेलो उरतच नाही, वायरचे इअरफोन पाहिजेत. पहिला तुकडा सुरू होताना आवाज निम्म्यावर, यंत्रांची करकर कानाला लागते. एका दमात ऐकायचं नाही. चार बैठकी: १ ते १०, ११ ते २०, २१ ते २५, २६ ते ३४. तिसरी बैठक सगळ्यात छोटी, पण आर्हिस तिथेच मरतो, म्हणून त्यानंतर लगेच पुढे जायचं नाही.

नववं गाणं ‘अ‍ॅक्ट ऑफ फेथ’. राजवाड्यातल्या त्या मुलीनं लहानपणी सापडलेलं गाणी वाजवायचं यंत्र लपवून ठेवलंय आणि ती चोरून ऐकते. फोन उशाखाली घेऊन झोपणारा पोरगा नेमका तिथेच थांबला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

२०१९ चा ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ त्याला आवडेल हे मला माहीत आहे. नऊ गाणी, तासाच्या आत, सगळे एका जागी राहून बसवलेली, जड आणि आटोपशीर. बहुतेकांना तोच आवडतो. त्यालाही तोच आवडला तर तो द्यायचा, आणि आठ नावांचं पान त्याच्या वहीत राहू द्यायचं. पुढचा हंगाम येईपर्यंत त्याला वेळ आहे, मलाही.