ताणावर सोडलेले दिवस

१६ डिसेंबर, नागपूर

उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या बर्फातल्या चढाईसाठी सामान बांधून झालं. आज पहाटे सेमिनरी हिल्सची शेवटची फेरी मारली, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घेऊन. दोन महिने रोज हाच नेम, आणि दर रविवारी रामटेक. गडमंदिराच्या पायऱ्या दोनदा चढायच्या, दोनदा उतरायच्या. एक्कावन्न वर्षांच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो, हे तिथेच कळलं.

संध्याकाळी काटोलहून दादाचा फोन. "काहून जाऊन राहिली वं तिकडं? आपल्या इथं थंडी कमी पडली का?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. मग नेहमीप्रमाणे बागेवर आला. आंबियाचा शेवटचा तोडा झाला, बाग ताणावर सोडली म्हणाला. तोड्यातली डझनभर संत्री गाडीवाल्याच्या हाती पाठवली होती. ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली आहेत.

काटोल-वरुडकडच्या माणसाला ताण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी लिहून ठेवते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत संत्र्याच्या झाडाची वाढ आपसूक थांबते. त्यात आपण पाणीही तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात, बाग आजारी पडल्यासारखी दिसते. पुढे ओलित सुरू केलं की झाड नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि फुलं एकदमच टाकतं. तोच आंबिया बहार. ताण नीट बसला नाही तर नुसता पाला येतो, फूल नाही. लहानपणी मला झाडांची फार दया यायची. एकदा मी चोरून एका झाडाला बादलीभर पाणी घातलं. बाबांनी पाहिलं, रागावले नाहीत. "त्याले झोपू दे," एवढंच म्हणाले.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं नाही, ते इथे देते. २०१८ सालच्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. शहराचा तो नीचांक. त्या सकाळी अख्खी गल्ली गोंधळून गेली होती, कोणाला काय करावं ते सुचत नव्हतं. उलट २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झाले, तेव्हा कोणी गोंधळलं नाही. कारण उन्हाळ्याची शिस्त आपल्या अंगात आहे: दुपारी दारं-खिडक्या बंद, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, कूलरला नवीन वाळा, आणि होळीच्या आसपास गच्चीवर कुरड्या, सांडगे, मुगवड्या. उन्हाळा येण्याआधीच आई त्याच्यासाठी घर भरून ठेवायची. थंडीची अशीच शिस्त अंगात असलेली माणसं मला बघायची आहेत. शिखर झालंच तर आनंद आहे, पण मी त्याच्यासाठी चाललेली नाही.

१९ डिसेंबर, सांकरी

देहरादूनहून इथवर जवळपास दोनशे किलोमीटर आणि दहा तास. मसुरी, पुरोला, मोरी. पुरोल्याच्या सपाट खोऱ्यात लाल तांदूळ पिकतो, ती शेतं आता रिकामी होती. नैटवाडला रुपीन आणि सुपीन एकमेकींना मिळतात आणि पुढे त्यांची टोन्स नदी होते. खरं तर मी तिथे उतरून पाहणार होते, पण बस थांबली फक्त जंगल खात्याच्या नाक्यापुरती. इथून पुढे गोविंद पशुविहार अभयारण्य.

नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, सांकरी सहा हजार चारशेच्या आसपास. दम लागला नाही, पण बसमधून उतरताच नाक आतून सुकलं.

घरासमोर सफरचंदाची झाडं आहेत, एकही पान नाही. आणि काही झाडांच्या बेचक्यांत गवताचे मोठाले भारे चढवून ठेवलेले. आधी वाटलं कसली तरी घरटी असतील. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी सांगितलं, गुरांचा चारा आहे. आश्विनात कापून वाळवतात आणि वर बांधतात. बर्फ कितीही पडला तरी गवत कोरडं राहतं, हात वर केला की ओढता येतं. मी वही काढली ती याच्यासाठीच.

२० डिसेंबर, जुडा का तालाब

पेन उमटत नाही. काखेत धरून ऊब दिली की चार ओळी लिहून होतात.

तळं गोठलंय. भोवती देवदार आणि खरसू, म्हणजे इकडचा ओक. वाटाड्या हा मुक्कामाच्या घरचाच मुलगा आहे, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याने सांगितलं, पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे सकाळी तोंडाशी पाणीच मिळतं. फोन आणि उद्याचे मोजे झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी. माझ्या पिशवीची चेन अर्ध्यावर अडकते. ज्यांच्याकडून ती भाड्याने घेतली त्यांनी तपासून द्यायला हवी होती. इथे अर्धी चेन म्हणजे अर्धी रात्र. त्या मुलाने स्वतःची पिशवी मला दिली आणि माझी घेऊन गेला. मी नको म्हणाले, तर ऐकलं नाही.

२२ डिसेंबर, उतारावरच्या तळावर

पहाटे तीनला निघालो. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड जेवढा पडे तेवढीच वाट. ताजा बर्फ बुटाखाली कुरकुरतो, रात्री गोठून कडक झालेला टणक वाजतो. दोन तासांनी मी पायाखाली न पाहता आवाजावरून पाऊल टाकायला लागले. चढताना मुलगा बुटाच्या टोकाने खळगा करायचा आणि मी त्याच खळग्यात पाय ठेवायचा. वीस पावलं, मग थांबायचं. साडेबारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. आपण घाई केली तरी श्वास आपल्या चालीनेच येतो.

एक गोष्ट मनाला लागली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटच्या धारेवर गर्दी होती. डिसेंबरमध्ये केदारकांठाला लोक मोठ्या संख्येने येतात, आणि मीही त्यांच्यातलीच एक. पण बर्फात नूडल्सची पाकिटं, चॉकलेटचे कागद रुतलेले पाहून पोटात तुटलं. हाच बर्फ वितळून खालच्या गावाला पाणी होतो. मुलगा वाटेत वाकून एकेक पाकीट उचलत होता आणि खिशात कोंबत होता. मीही उचलायला लागले. उतरेपर्यंत दोघांच्या पिशव्या भरल्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. बंदरपुच्छ ६,३१६ मीटर, स्वर्गारोहिणी ६,२५२. आकडे मी घरूनच पाठ करून गेले होते. पण उन्हाची पहिली रेघ स्वर्गारोहिणीच्या टोकाला लागली आणि तिथून एकेक शिखर उतरत आमच्यापर्यंत आली, तेव्हा आकडे आठवले नाहीत. माथ्यावर महादेवाचं छोटं ठाणं आहे, त्रिशूळ रोवलेला. तो दिसला आणि मला पचमढीचा चौरागड आठवला. महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन, "हर बोला महादेव" म्हणत तो गड चढतात. बाबा दोनदा गेले होते. मी कधी गेले नव्हते. हात जोडले तेव्हा हातमोजे काढले, आणि बोटं लगेच बधिर झाली.

मग संत्रं काढलं. साल चामड्यासारखी ताठ झाली होती, नख रुतेना. मुलाने चाकूने चीर दिली. आतल्या फोडी काचेच्या झालेल्या, दाताखाली बारीक करकर वाजणाऱ्या. आधी नुसता गारठा लागला, चव नाहीच. जिभेवर वितळल्यावर गोडी आली आणि सगळ्यात शेवटी आंबटपणा. काटोलच्या संत्र्याची चव अशी सुटी सुटी, एकामागून एक, मी कधी घेतली नव्हती. मुलाने आपल्या वाटच्या फोडी खाल्ल्या आणि साली रुमालात बांधल्या. आईला वास आवडेल म्हणाला.

२४ डिसेंबर, सांकरी

काल संध्याकाळी खाली आलो आणि रात्री बर्फ सुरू झाला. आवाज अजिबात नाही. पावसाची सवय असलेल्या कानांना ते खरं वाटत नाही. सकाळी दार उघडलं तर पायरी नव्हती. मोरीकडचा रस्ता बंद. उद्याची गाडी नाही, परवाचंही सांगता येत नाही.

माझा जीव वरखाली. आरक्षण, ऑफिस, दादा काळजी करेल. मी तीनदा विचारलं, रस्ता कधी उघडेल? घरच्या बाई साठीच्या आहेत. मी त्यांना दीदी म्हणते, त्या मला बहन. त्या बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीत, लाकूड सारत म्हणाल्या, "खुलेगा तब खुलेगा. बैठो." आणि माझ्या मांडीवर सुपात राजमा ठेवला, निवडायला.

दिवसभर त्यांच्यामागे फिरले. घर देवदाराचं, भिंतीत एक थर लाकडाचा, एक दगडाचा. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे ऊब बाहेर जात नाही. खाली गाई, वर माणसं. रात्री फळीच्या फटींतून गाईंच्या अंगाची ऊब आणि वास दोन्ही वर येतात. गुरांच्या खाली वाळलेला पाला पसरतात, तो ओला झाला की वर नवीन थर. वसंतात हे सगळं खत होऊन शेतात जातं. व्हरांड्यात लाकडाची थप्पी माझ्या डोक्याच्या वर. जाड ओंडके वेगळे, ढलप्या वेगळ्या. चुलीला कोणतं आणि रात्रभर धुमसायला कोणतं, ते अंधारात हाताने ओळखता यावं अशी रचना.

मग त्यांनी कोठीची खोली दाखवली. राजमा, लाल तांदूळ, मंडुवा म्हणजे आपली नाचणी, चौलाई म्हणजे राजगिरा. दोरीवर ओवलेल्या सुक्या भाज्या, भोपळ्याच्या बियांचं गाठोडं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आईची माळ्यावरची पत्र्याची डबडी आठवली, प्रत्येकावर खडूने नाव: सरगुंडे, शेवया, मुगवड्या. आई कोरडं करायची ते ऊन सोसण्यासाठी, दीदींनी ठेवलंय ते बर्फ सोसण्यासाठी. वास मात्र तोच, उन्हात वाळलेल्या वस्तूचा.

संध्याकाळी त्यांचे यजमान टकळीवर लोकर कातत बसले. आमच्या आजोबांची सूताची टकळी होती, वर्ध्याहून आणलेली. मी मागून घेतली. दोनदा धागा तुटला. तिसऱ्यांदा हातभर निघाला. त्यांनी तो धागा तोडला नाही, पुढे तसाच कातत राहिले.

२५ डिसेंबर, सांकरी

अजून बंद. आज मी एकदाही विचारलं नाही.

दुपारी बुखारीच्या डोक्यावर संत्र्याच्या साली वाळत होत्या, खोलीभर वास. दीदींनी विचारलं, ही झाडं कशी असतात. मी बागेबद्दल सांगायला लागले आणि ताणापर्यंत आले. पाणी तोडतो म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं. "जानबूझकर?" हो, मुद्दाम. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग खिडकीतून झाडांकडे बोट करून सांगायला लागल्या.

सफरचंदालाही असंच लागतं. फरक इतकाच की तिथे पाणी कोणी तोडत नाही, थंडीच झाडाला निजवते. सात अंशांच्या खालचे शेकडो तास झाडाला मिळावे लागतात. ते पुरे झाले नाहीत तर वसंतात कळ्या धड फुटत नाहीत, एका फांदीला फूल आणि दुसरीला नाही. त्यांच्या लहानपणी बर्फ यापेक्षा लवकर यायचा आणि जास्त टिकायचा. आता एखादा हिवाळा कोरडा जातो आणि त्यांना झोप लागत नाही. परवा रात्री बर्फ सुरू झाला तेव्हा त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या काळजीने जाग्या आहेत. त्या आनंदाने जाग्या होत्या, आणि मी आत पांघरुणात गाडीचा हिशेब करत होते.

माझ्या उलट्यासुलट्या हिंदीतून मी त्यांना बाबांचं वाक्य सांगितलं. त्या हसल्या आणि पुन्हा राजमा निवडायला लागल्या. मीही.

किती वर्षांत मी असं काही न करता बसले नव्हते? घरी आजारपणातही फोन हातात असतो. इथे वीजही नाही, नेटवर्कही नाही. पायाशी मांजर, बाहेर पांढरं, आत लाकडाची चटचट. दुपारी कधीतरी बसल्या बसल्याच डोळा लागला.

३० डिसेंबर, काटोल

रस्ता सव्वीसला उघडला. निघताना दीदींनी दोन किलो राजमा बांधून दिला. माझ्याकडे द्यायला उरलेली चार संत्री होती. त्यांनी बियाही मागून घेतल्या. तिथे संत्रं येणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी कागदात बांधून देवाच्या फळीवर ठेवल्या.

काल नागपूरला उतरले आणि आज सरळ इकडे आले. दादासोबत बागेत गेले. पानं मलूल झाली आहेत, कडेने आत वळलेली. जमीन भेगाळायला लागलीय. मी पानं हातात घेऊन पाहिली. या वेळी दया आली नाही.

दादाने राजमा मुठीत घेऊन पाहिला, एक दाणा दाताखाली धरला. मग विचारलं, "तिकडच्या सफरचंदाले फूल कधी लागते?"

मी म्हटलं, मार्च-एप्रिलात.

"अन् तोवर?"

तोवर बर्फ.

त्याने बराच वेळ मान हलवली. पाणी आता जानेवारी अर्धा सरल्यावरच सोडू म्हणाला, आणि जाऊन मोटरीच्या पेटीला कुलूप घालून आला.