गाझाचं घड्याळ, हेब्रॉनचं घड्याळ

मी वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामागे जगातल्या घड्याळांची एक सामायिक यादी असते. तिच्यात प्रदेश शहरांच्या नावाने नोंदवलेले असतात. एकदा ती चाळताना 'एशिया/गाझा' दिसलं आणि पुढे 'एशिया/हेब्रॉन'. दोन्ही पॅलेस्टाइनचीच: गाझा समुद्राकाठच्या गाझा पट्टीत, हेब्रॉन वेस्ट बँकेत. मधलं अंतर जेमतेम साठ किलोमीटर. मग दोन नोंदी कशाला?

कारण २००८ सालचं आहे. रमजान तोंडावर आला होता. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात. गाझावर सत्ता असलेल्या हमास या सशस्त्र इस्लामी पक्षाने ही उन्हाळी वेळ २९ ऑगस्टला संपवली; प्रतिस्पर्धी फतह पक्षाच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत ती १ सप्टेंबरला संपली. तीन दिवस एकाच समाजाच्या दोन वेळा होत्या! तेव्हापासून मी या फुटीबद्दल मिळेल ते वाचते आहे.

जानेवारी २००६ च्या पॅलेस्टिनी कायदेमंडळाच्या निवडणुकीत १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या आणि फतहला ४५. हिंसा सोडा, इस्रायलला मान्यता द्या, आधीचे करार पाळा, अशा अटी अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रांनी घातल्या. हमासने त्या मानल्या नाहीत. जून २००७ मध्ये गाझात दोन्ही गट एकमेकांवर बंदुका घेऊन उठले आणि तिथून दोन सरकारं झाली.

समेट मात्र कितीदा जाहीर झाला! कैरो, दोहा, अल्जीअर्स, २०२४ मध्ये बीजिंग. यातला २०१४ चा समेट मला विसरता येत नाही. संयुक्त सरकारचा शपथविधी होऊन तीनच दिवस झाले होते. पगाराचा दिवस आला. रामल्लातल्या, म्हणजे वेस्ट बँकेतल्या सरकारच्या यादीवरच्यांचे पैसे खात्यात पडले; हमासने नेमलेल्या सुमारे चाळीस हजार जणांचे पडले नाहीत. गाझात एटीएमसमोर हाणामारी झाली आणि पोलिसांनी बँकाच बंद करून टाकल्या. करारावर सह्या करणाऱ्यांनी पगार कोण देणार आणि शस्त्रं कोणाच्या ताब्यात राहणार, हे दोनच प्रश्न पुढे ढकलले होते.

ही फूट इस्रायलमधल्या दोन-राष्ट्र तोडगा (इस्रायलशेजारी वेगळं पॅलेस्टिनी राज्य) नको असलेल्यांच्याही पथ्यावर पडली. २०१८ पासून नेतान्याहू सरकारने कतारची रोकड गाझात जाऊ दिली. २०१९ मध्ये त्याच सरकारने वेस्ट बँकेच्या पॅलेस्टिनी प्रशासनाच्या हक्काच्या करातला काही भाग रोखून धरला. 'बोलायचं कोणाशी?' असं विचारणारेच बोलणाऱ्याला दुबळं करत होते. मग ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, २५१ जणांना ओलीस धरून नेलं. त्यानंतर इस्रायलने गाझात हजारोंच्या संख्येने माणसं मारली, त्यात मुलं किती. यातलं एकही कृत्य मी दुसऱ्याच्या नावावर माफ करू शकत नाही.

तरी मला वाटतं, शांततेची वाट मतपेटीवरूनच जाते. फतहचे महमूद अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी पॅलेस्टिनी अध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच नाही. २००६ मध्ये जन्मलेलं मूल २०२४ मध्ये मतदानाच्या वयाचं झालं, पण त्याला देशाच्या निवडणुकीची चिठ्ठी दिसलेली नाही. जेरुसलेमवर, निर्वासितांच्या परतीच्या हक्कावर तडजोड करायची तर त्या सहीमागे लोक उभे असायला हवेत. नाहीतर दुसऱ्याच दिवशी तिला गद्दारी म्हणतील. पलीकडेही तेच: जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राज्य नाकारलं. तिथल्या मतदारालाही समोर कोणी खरा प्रतिनिधी दिसला पाहिजे.

२२ मे २०२१ ला कायदेमंडळाची निवडणूक ठरली होती. उमेदवारांच्या ३६ याद्या दाखल झाल्या होत्या. २९ एप्रिलला अब्बास यांनी ती पुढे ढकलली. पूर्व जेरुसलेममध्ये इस्रायल मतदान होऊ देत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. फतहची शकलं झाली होती आणि पराभव दिसत होता, हे मला त्याहून खरं कारण वाटतं.

पण जेरुसलेमची अडचण पूर्वी सुटली होती. १९९६, २००५ आणि २००६ मध्ये तिथल्या पॅलेस्टिनींनी इस्रायली टपाल कार्यालयांत मतदान केलं. चिठ्ठी लिफाफ्यात घालायची आणि लिफाफा टपालातून जायचा. इस्रायलला म्हणता येई, हे पत्र आहे. मतदाराला ठाऊक असे, हे माझं मत आहे. एका लिफाफ्यात दोघांचंही म्हणणं मावत होतं, आणि तो उघडून मोजलाही जात होता.