टेबलावर कागद लागतो

बँकेतल्या नोकरीची माझी शेवटची वर्षं मयत खात्यांच्या टेबलावर गेली. मृत्यूचा दाखला, पासबुक, आधारच्या झेरॉक्स असं सगळं पिशवीत भरून माणसं यायची आणि फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी अडायची: मयताशी नाते. तिथे पत्नी लिहिता येतं, मुलगा लिहिता येतं, पुतण्याही चालतो. ज्याच्याबरोबर एका घरात संसार केला पण लग्न केलं नाही, त्याच्याशी असलेलं नातं लिहायला तिथे काहीच नसतं. अशा बायकांना मी रिकाम्या हातानं परत जाताना पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

निवृत्तीनंतर माझ्या ओळखीत असं राहणारी माणसं वाढली, आणि त्यातली बरीचशी साठीच्या पुढची आहेत. पुण्यात एकट्या पडलेल्या ज्येष्ठांचे मेळावे भरतात, सहली निघतात, त्यातून ओळखी होतात. काहीजण लग्न करतात, काहीजण नुसतेच एकत्र राहतात. आमच्या ताई दुसऱ्या प्रकारातल्या. यजमान कारखान्यात होते. ते गेल्यावर ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, विधवा पेन्शन ताईंना सुरू झालं. त्यांचे जोडीदार निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. चिंचवडला सरांच्या फ्लॅटमध्ये दोघं राहतात. ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सर सकाळी मोठ्यानं पेपर वाचतात आणि ताई भाजी निवडत ऐकतात. डोळे बरे झाले तरी ती सवय राहिली.

त्यांना सोसायटीतल्या एकानं सांगितलं, "इतकी वर्षं एकत्र राहिलात, आता कायद्यानं तुम्ही नवरा-बायकोच." हा समज सगळीकडे आहे. 'लिव्ह-इनला पत्नीचा दर्जा' असे मथळे छापून येतात, त्यातून तो पसरतो. अमुक वर्षं एका घरात काढली की आपोआप लग्न लागतं, असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. काही देशांत वर्षांचे असे हिशेब आहेत. आपल्याकडे नाहीत.

आपल्याकडे आहे ते गृहीतक. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ११४च्या आधारे, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९च्या आधारे, दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं राहिलेलं जोडपं विवाहित आहे असं कोर्ट धरून चालू शकतं. १९७८ साली बद्रीप्रसाद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तेच केलं. सुमारे ५० वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याला म्हातारपणी लग्नाचे साक्षीदार कुठून आणायला लावता, असा तो प्रश्न होता. निकाल माणुसकीचा आहे. पण तो मिळवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, हेही त्याच निकालात आहे.

मग २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आला. 'विवाहसदृश संबंध' पहिल्यांदा त्यात आले आणि मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बाईला दाद मागता येऊ लागली. हा कायदा मी फार मोलाचा मानते. पण विवाहसदृश म्हणजे काय, हे २०१० साली वेलुसामी खटल्यात कोर्टानं ठरवलं: दोघं लग्नाच्या वयाचे हवेत, दोघांना एकमेकांशी कायदेशीर लग्न करता येण्यासारखी स्थिती हवी, स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि समाजापुढे नवरा-बायको म्हणून वावरलेले हवेत.

त्या शेवटच्या अटीपाशी मी थांबते. ताई आणि सर समाजापुढे नवरा-बायको म्हणून वावरत नाहीत. कुणी विचारलं तर सरळ सांगतात, आम्ही लग्न केलेलं नाही, सोबत राहतो. शिवाय ईपीएसचं विधवा पेन्शन पुनर्विवाह झाला की थांबतं, त्यामुळे ताईंना पुन्हा लग्न केलेलं नाही असं लिहून द्यावं लागतं. रक्कम अडीच हजारांच्या आसपास, पण ती त्यांची स्वतःची आहे. औषधं त्यातून येतात, नातीच्या वाढदिवसाला पाकीट त्यातून जातं. आता बघा. एक कायदा म्हणतो, बायको असल्यासारखं दाखवलंस तर संरक्षण देईन. दुसरा नियम म्हणतो, बायको नसल्याचं लिहून दिलंस तर पैसे देईन. उद्या ताईंनी कोर्टात विवाहाचं गृहीतक मागितलं, तर त्यांचीच सही त्यांच्यासमोर ठेवली जाईल. जी माणसं खोटं बोलत नाहीत तीच उघड्यावर पडतात, हे मला सहन होत नाही.

तरुण किंवा मध्यमवयीन बाईची अडचण आणखी कठीण असते. इंद्रा सरमा खटल्यात ती बाई सुमारे १८ वर्षं त्या माणसाबरोबर राहिली होती. तो आधीच विवाहित आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून २०१३ साली कोर्टानं हा संबंध विवाहसदृश नाही असं ठरवलं. त्याच निकालात न्यायमूर्तींनी अशा बायकांच्या हालअपेष्टांची दखल घेतली आणि संसदेनं कायदा करावा असं लिहिलं. महाराष्ट्रानं तर त्याआधीच, ऑक्टोबर २००८मध्ये, पोटगीच्या कलमातल्या 'पत्नी'च्या व्याख्येत अशा बायकांना घ्यावं असा प्रस्ताव मंत्रिमंडळात मंजूर केला होता. तो तिथेच राहिला. पुढे फौजदारी संहिता बदलली, कलम १२५चं कलम १४४ झालं, शब्द मात्र 'पत्नी'च आहे.

मागच्या वर्षी सरांची अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलच्या काउंटरवर ताईंना विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" ताई म्हणाल्या, "आम्ही एकत्र राहतो." काउंटरवरच्या मुलीचं पेन थांबलं. तिनं वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी सरांच्या बेंगळुरूच्या मुलाला फोन लावला, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर संमती पाठवली तेव्हा कुठे फाइल पुढे सरकली. सर शुद्धीवर होते, स्वतः सही करायला तयार होते. ताईंनी 'मिसेस' एवढं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

त्या रात्री ताईंनी मला फोन केला आणि आम्ही कागदांना हात घातला. माझं टेबल मला इथे कामी आलं.

ताईंना वाटत होतं, सरांनी एफडीला त्यांचं नाव नॉमिनी म्हणून घातलंय म्हणजे झालं. नॉमिनीच्या हातात पैसे देऊन बँक मोकळी होते, पण ते पैसे शेवटी वारसांचे. शेअर्सचंही तसंच, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात स्पष्ट केलं. सोसायटीत नॉमिनीला फक्त तात्पुरतं सभासदत्व मिळतं. विम्यात २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैसे त्यांच्या मालकीचे होतात; त्या यादीत जोडीदार नाही. आणि सर मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू वारसा कायद्यानं सगळं मुलगा आणि मुलगी यांचं. ताईंचा त्यात रुपया नाही.

मग फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्रानं द्यावा का? महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. ताई कायद्यानं परक्या, त्यांना विक्रीखताच्या दरानं शुल्क. वर आयकर: नातेवाईक नसलेल्याकडून मिळालेली ५०,०००वरची मालमत्ता घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. मृत्युपत्रानं मिळालेल्या मालमत्तेला हा कर लागत नाही. म्हणून मृत्युपत्र. त्याला स्टँप पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते. आम्ही तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवलं आणि एक साक्षीदार म्हणून सरांच्या डॉक्टरांनाच घेतलं, म्हणजे 'म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं' असं उद्या कुणी म्हणायला नको. याशिवाय दोघांनी एकमेकांसाठी वैद्यकीय इच्छापत्र केलं, म्हणजे स्वतः निर्णय घेता येईनासा झाला तर उपचारांचं काय करायचं ते आधीच लिहून ठेवलं. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचं नाव घालता येतं.

उत्तराखंडनं २७ जानेवारी २०२५पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली आहे. महिन्याभरात नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. सोडून दिलेल्या बाईला त्यात पोटगी मागता येते, ते मला मान्य आहे. पण सरांसारख्या माणसाला तुरुंगाची भीती दाखवून नोंद घेणं मला अजिबात मान्य नाही. ज्यांना हवी त्यांच्यासाठी ऐच्छिक नोंद असावी, आणि तेवढ्यावरून विधवेचं पेन्शन बंद होऊ नये. दोन्ही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

सरांच्या मृत्युपत्राचा मसुदा असा होता: फ्लॅट मुलगा-मुलीचा, ताईंना हयातभर राहण्याचा हक्क, एक एफडी ताईंच्या मालकीची. मुलांपासून काही लपवायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सरांनी त्यांना तो आधीच पाठवला. मुलगी काही बोलली नाही. मुलानं रात्री फोन करून विचारलं, "बाबा, मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार? ते यात लिहिलेलं नाही." सर जरा गप्प झाले. मग मुलगाच म्हणाला, "ते माझ्या नावावर घाला. ताईंना कुणी सोसायटीच्या नोटिसा पाठवायला नकोत." तो मजकूर कलम सातमध्ये घातला आणि मंगळवारी सह्या झाल्या.