कुलूपबंद पेटी आणि केळीचा भाव

'शाळेने मला काय दिलं' यावर लिहा, असं आपल्या गावच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका समितीचं पत्र आलं. त्यावर बाकीचे भरभरून लिहितीलच. मी शाळेला काय मिळत नव्हतं त्यावर लिहितो. लेखा विभागात नोकरी करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आपली शाळा जिल्हा परिषदेपेक्षा जुनी. ती सुरू झाली तेव्हा आताच्या जळगाव जिल्ह्याचं नावही पूर्व खानदेश होतं. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, भिंतीवरची पाटी बदलली, पण गावाच्या तोंडी ती 'मराठी शाळा'च राहिली. मी पाचवी ते सातवी तिथे शिकलो ते नव्वदच्या दशकात. वर्ग सात, खोल्या पाच, आणि त्यातली एक पावसाळ्यात बाद. उरलेल्यांत दोन-दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसत. एकीकडे सहावीचा इतिहास, दुसरीकडे चौथीचे पाढे. शिवाजी महाराज आग्र्याहून निघत आणि मागून सतरा सक एकोणीसाशे चालू होई. सतराच्या पाढ्यातली ती चूक मला अजून तशीच पाठ आहे.

ती बाद खोली पाडायची तर निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याची, मंजुरी लागते. मंजुरी आल्याशिवाय पाडता येत नाही आणि जुनी कागदावर उभी असेपर्यंत नवी मिळत नाही. तेव्हा एवढंच कळायचं, की श्रावणात आपला वर्ग मारुतीच्या देवळात भरतो. आम्हाला त्याचं अप्रूपच होतं. शनिवारी नारळ फुटला की खोबरं मिळे.

कार्यालयातल्या कपाटावर एक विज्ञान पेटी होती. प्राथमिक शाळांना साहित्य पुरवणाऱ्या 1987 च्या खडू-फळा मोहिमेनंतर शाळाशाळांत असं साहित्य आलं, त्यातलीच ही असावी. तिला कुलूप. आत परीक्षानळ्या, भिंग, चुंबक, स्पिरिटचा दिवा. सगळं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढलेलं. नळी फुटली तर नवी घ्यायला पैसा नाही आणि तपासणीत नग कमी भरला तर गुरुजींनी उत्तर द्यायचं. मग पेटी उघडणार कोण? सातवीच्या विज्ञानाच्या गुरुजींनी फळ्यावर परीक्षानळी काढली, तिच्यात खडूने पाणी भरलं, खाली ज्योत काढली आणि पाणी उकळलं.

आम्ल-अल्कली शिकवताना मात्र त्यांनी घरून हळद आणली. वहीच्या कागदाला ओली हळद फासून तो वाळवला. एका वाटीत लिंबाचा रस, दुसऱ्या वाटीत पापडखाराचं पाणी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस, घरोघर पापड चाललेले, त्यामुळे पापडखाराची ददात नव्हती. लिंबाच्या रसात कागद पिवळाच राहिला. पापडखारात बुडवला तसा वीटकरी लाल झाला. सगळा वर्ग उठून टेबलाभोवती जमला. हल्ली अशा गोष्टींना 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून कौतुकाचे हार घालतात. मला ते कौतुक थोडं खटकतं. गुरुजींना ती पेटी उघडायची होती. किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती आणि ती त्यांना वापरता येत नव्हती.

खडू, डस्टर, हजेरीपट, झाडू यासाठी सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, सरकारी पैसे येत, पण कधी येतील याचा नेम नसे. तोवर हेडमास्तर दुकानातून उधारीवर खडू आणत. मोठं काही करायचं झालं तर लोकवर्गणी. आणि लोकवर्गणी म्हणजे केळीचा भाव. चोपड्याच्या बाजूला तापीकाठी शाळेचं अंदाजपत्रक व्यापाऱ्याच्या काट्यावर ठरायचं. भाव बरा असला त्या वर्षी कुंपण झालं, पाण्याची टाकी झाली. मे महिन्यात वादळाने बागा आडव्या केल्या त्या वर्षी गुरुजी दारोदार फिरले आणि एकच उत्तर घेऊन आले, "गुरुजी, औंदा केयले भाव नही शे, पुढला साल देसू." लोक खोटं बोलत नव्हते. पण सहावीतल्या पोराचं पुढचं साल सातवीत जातं.

वर्गणीची आणखी एक तऱ्हा. देणाऱ्याला नाव दिसेल अशी वस्तू द्यायची असते. आपल्या शाळेत पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'यांचेकडून सप्रेम भेट' रंगवलेलं होतं. पंखा फिरला की नाव दिसत नाही म्हणून देणगीदाराची नाराजी, आणि बिल थकून वीज तुटल्यावर पंखा थांबला, की नाव स्वच्छ वाचता येई. वीजबिलाला सप्रेम भेट दिलेली मी आजवर पाहिली नाही.

आता मी दुसऱ्या जिल्ह्यात याच कागदांच्या पलीकडच्या बाजूला बसतो. पूर्वीपेक्षा बरं आहे, हे मान्य करायला हवं. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून 2018-19 पासून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान ठरतं. 101 ते 250 पटाच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर. उरलेल्यात वीज, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य सगळं बसवायचं. 180 मुलं असतील तर डोक्यामागे वर्षाला पावणेतीनशे रुपये पडतात. पट शंभरावर आला, की अनुदान 25,000. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या गावात शिरल्यापासून पट घसरतोच आहे. मुलं अर्धी झाली म्हणून छप्पर अर्धं गळत नाही, की बोअरची मोटर अर्धी जळत नाही. शाळा ओकीबोकी दिसते म्हणून आणखी चार पालक मुलं काढतात आणि पुढच्या वर्षी आणखी कमी मिळतं. त्यातही पैसे मार्चच्या तोंडावर आले, तर एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले असा दाखला, द्यायचं. जूनमध्ये लागणारी वस्तू मार्चमध्ये जी मिळेल ती घ्यायची. अशा घाईतल्या बिलांवर मी सह्या केल्या आहेत. हेडमास्तरांचा त्यात फारसा दोष नसतो.

समितीच्या पत्रात अमृतमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर कमान उभारण्याचा संकल्प आहे. कमान जरूर बांधा, मला तिचं वावडं नाही. माझी वर्गणी मात्र तिच्यात धरू नका. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करा आणि कारणात स्पष्ट लिहा: वीजबिल, बस्करपट्ट्या, फुटलेल्या परीक्षानळ्यांची भरपाई. दरवर्षी जूनमध्ये तेवढीच रक्कम पाठवेन, केळीला भाव असो वा नसो. आणखी दहा-बाराजण याच खात्यात थोडं थोडं टाकायला तयार असतील तर त्यांनी मला फोन करावा, हिशेब मी ठेवीन. नावाची पाटी नको. पावती व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल.