वजनाचा इव्हेंट बघताना नजर कुठे ठेवावी

यात्रेतल्या कुस्त्यांची दंगल बघायला बसलेल्या खान्देशी माणसाला ढाक, घिस्सा, धोबीपछाड समजावून सांगावे लागत नाहीत. पहिलवानाचा पाय कुठे पडला यावरून पुढचा डाव तो ओळखतो. क्रॉसफिटच्या, म्हणजे वजन उचलणं, धावणं, पोहणं असं सगळं एकत्र असलेल्या खेळाच्या, स्पर्धा मोबाइलवर बघणारी जळगाव-धुळ्याकडची पोरं मात्र वजनाच्या इव्हेंटला फक्त बार वर गेला की खाली पडला एवढंच बघतात. खरी लढत त्याआधी, आकडा ठरवताना झालेली असते.

गुण क्रमांकावर मिळतात. क्रॉसफिट गेम्समध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वात मोठ्या जागतिक स्पर्धेत, इव्हेंट जिंकणाऱ्याला 100, मग उतरत्या क्रमाने. दुसऱ्यापेक्षा 1 किलो जास्त उचललं काय किंवा 20 किलो, पहिल्याचे गुण तेवढेच. मधल्या गर्दीत मात्र खेळाडू एकाच आकड्याभोवती दाटलेले असतात, त्यामुळे तिथे दोन किलो कमी पडले की चार-पाच क्रमांक घसरतात. धावताना पुढच्याला बघून वेग वाढवता येतो. वजनात आधी आकडा ठरवावा लागतो, आणि तो चुकला तर तो प्रयत्न गेला.

तीन प्रयत्न असतील तर पहिला थकलेल्या अंगानेही चुकणार नाही असा हवा. दुसरा क्रमांक पक्का करणारा, आणि तिसऱ्यात जोखीम. पहिलाच फसला की पुढचे दोन त्याची भरपाई करण्यात जातात. आकड्याचा हा खेळ किती बारीक असतो, ते आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दाखवलं. 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (क्लीन म्हणजे आधी खांद्यावर, जर्क म्हणजे मग डोक्यावर) 135 उचलले, एकूण 248. पुढे 139 दोनदा हुकले, कोपराला दुखापत झाली, आणि सोनं 249 वाल्या मलेशियाच्या खेळाडूकडे गेलं. एका किलोचं अंतर.

वेटलिफ्टिंग बघून आलेल्यांचा इथे एका नियमावर गोंधळ होतो. ऑलिंपिक पद्धतीत बार डोक्यावर गेल्यावर वाकलेला कोपर दाबून सरळ केला की लाल दिवा, प्रयत्न बाद. क्रॉसफिटमध्ये शेवटी कोपर, कंबर, गुडघे सरळ आणि बार ताब्यात असला की सहसा चालतं. म्हणून इथे जर्क कधी कधी ओबडधोबड दिसतो, तरी तो वैध असतो. ‘नो रेप’, म्हणजे उचल मोजली न जाणं, बहुतेक वेळा येतो तो शेवटची सरळ अवस्था पूर्ण होण्याआधीच बार सोडल्याने, किंवा बैठकीत कंबरेची घडी गुडघ्याच्या खाली न गेल्याने. घाईत असलेल्या खेळाडूचं हेच हुकतं.

फसणारा प्रयत्न पायांवरून आधीच कळतो. स्नॅचमध्ये खेळाडू बार पकडताना पुढे उडाला, तर बार अंगापासून लांब गेला होता. तो समोरच पडणार. थोडं मागे उडणं चालतं. क्लीनमध्ये खाली बसलेला असताना कोपर खाली झुकले की पाठ गोल होते आणि बार हातातून निसटतो. जर्कमध्ये सगळा दोष बहुधा बार वर ढकलण्याआधी गुडघे वाकवून घेतलेल्या त्या छोट्या झुकण्यात असतो: वजन टाचेवरून चवड्यावर सरकलं की बार पुढे जातो, आणि मागे कितीही लांब पाय टाकला तरी तो सावरत नाही. क्लीन करून उभं राहिल्यावर खेळाडू किती श्वास घेतो तेही मोजा. एक-दोन श्वासांत जर्क गेला तर पाय ताजे आहेत. चार-पाच घेतले तर बार खांद्यावर बसून दम काढतोय, आणि थांबण्याने ताकद परत येत नाही.

इव्हेंट कितव्या क्रमांकावर ठेवलाय यानेही आकडे बदलतात. सकाळी पोहणं आणि धावणं झालेल्या पायांचा उच्चांक ताज्या पायांच्या उच्चांकाएवढा नसतो. 2017 ते 2022 सलग सहा वेळा गेम्स जिंकलेली ऑस्ट्रेलियाची टिया-क्लेअर टूमी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगला उतरली होती, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 58 किलो गटात तिने सुवर्ण घेतलं. पायात गोळे आलेले असतानाही तिचा बार सरळ रेषेत चढतो, तो या तालमीमुळे. तरुण पोरींनी बघावं ते हेच.

वजन पाउंडात सांगतात, त्याला सोपा हिशेब आहे. आकड्याचं अर्धं करा, त्यातून त्याचाच दहावा हिस्सा काढा. 300 चे 150, त्यातून 15 गेले, 135. खरं उत्तर 136. पुरुषांचा बार 20 किलोचा, बायकांचा 15 चा. आणि अंदाजासाठी आपल्या जिनिंगमधली दाबलेली कापसाची गाठ धरा, 170 किलोची. त्याहून जड बार मानेवर घेऊन वरच्या फळीतले पुरुष पूर्ण बैठक मारतात.

2007 मध्ये कॅलिफोर्नियात अरोमास इथल्या एका रँचवर पहिले गेम्स झाले, तेव्हा एक इव्हेंट ‘क्रॉसफिट टोटल’ होता: बैठक, उभ्याने खांद्यावरून प्रेस (बार हातांनी डोक्यावर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), प्रत्येकी तीन प्रयत्न आणि सर्वोत्तम तिन्हींची बेरीज. 2020 ची अंतिम फेरी त्याच रँचवर झाली, आणि तिथे मक्याचं पोतं घेऊन टेकडी चढायची शर्यतही होती. बाजार समितीत हमाली केलेल्या माणसाला ती लगेच कळेल. पोत्याला मूठ नसते, आतला माल सरकतो, छातीशी आवळलं की पोट दाबलं जाऊन श्वास अर्धाच राहतो. म्हणून वाळूच्या पोत्याच्या इव्हेंटला बोटांनी पकडणारे लवकर सोडतात. दोन्ही हात खालून घालून पोतं कवटाळणारे टिकतात.

गावातल्या जिमची स्पर्धा बघायला किंवा भरवायला जात असाल तर प्लेटांवरचा आकडा खरा धरू नका. ओतीव लोखंडाच्या स्वस्त प्लेटांत फरक निघतो. कापूस मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक प्लेट ठेवून खडूने खरं वजन लिहा, जोड्या लावा. बारची टोकं हाताने फिरवून बघा. अडकत असतील तर क्लीनमध्ये तो झटका मनगटावर येतो. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी वजनाचा इव्हेंट ठेवू नका. घामाने चॉकचा (पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा) चिखल होतो, पकड सुटते, आणि ताकद असलेला खेळाडू हातामुळे हरतो. सकाळी सातला सुरू करा, प्रत्येक प्रयत्नानंतर बार कोरड्या फडक्याने पुसा, ब्रशने चॉक खरवडा.

गेम्स थेट बघायचे असतील तर झोपेचं नियोजन करा. 2025 चे गेम्स न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत झाले. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेतीन.